पहिली क्रूझ – घरात चारपासून चौऱ्याहत्तरपर्यंत सगळे. काय काय बघून ठरवावं?

समिधा_ठाणे

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या सगळ्यांनी मिळून क्रूझला जायचं घाटतंय. सगळे म्हणजे आम्ही दोघं, लेक नऊ वर्षांची, मुलगा चारचा, सासूबाई अडुसष्ट आणि सासरे चौऱ्याहत्तर. सासऱ्यांचे गुडघे कुरकुरतात, पण काठी घेऊन चालतात. सासूबाई पक्क्या शाकाहारी, आणि त्यांना पनवेल सोडलं की गाडी लागते. माहेर रेवसकडचं, त्यामुळे बोटीचा विषय निघाला की "रामदास" बोट बुडाल्याची गोष्ट निघते आणि मग गप्पा पुढे सरकत नाहीत.

समोर तीन पर्याय आहेत. एक, मुंबईहून गोवा, दोन रात्री. दोन, मुंबईहूनच लक्षद्वीप. तीन, सिंगापूरला विमानाने जाऊन तिथून तीन-चार रात्रींची मोठी बोट. नवऱ्याचं मत तिसऱ्याला, सासऱ्यांचं "खर्च किती ते आधी सांगा" ला.

बोट लागण्याचं काय करायचं, खोल्या कशा घ्यायच्या, जाहिरातीतल्या दरावर आणखी किती खर्च होतो आणि जेवणाचं काय, एवढं कुणी अनुभवी माणसाने सांगितलं तर फार बरं होईल. ट्रॅव्हलवाल्यांना फोन केला की ते थेट "आजच बुक करा, ऑफर संपतेय" वर येतात.

दर्यावर्दी_निवृत्त

समिधाताई, माझी सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर झाली, त्यामुळे बुफे आणि नाचगाण्याबद्दल मला विचारू नका. समुद्राबद्दल सांगतो.

आधी मोसम बघा, मग बोट. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्याचा विचार सोडा. मुंबईच्या क्रूझवाल्यांनी २०२२ च्या जूनमध्ये बोट चेन्नईला हलवली होती ती हौसेने नाही. दिवाळीच्या सुमारास अरबी समुद्र एरवी शांत असतो, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात चक्रीवादळ उठू शकतं. तसं झालं तर कप्तान मार्ग बदलतो, एखादं बंदर गाळतो, आणि तिकिटाच्या अटींमध्ये ती मुभा त्याला दिलेली असते. "गोवा दाखवलंच नाही" म्हणून भांडून उपयोग होत नाही.

सिंगापूरहून पेनांग-फुकेतकडे जाणारी बोट मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाते. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलायाचा किनारा, त्यामुळे मोठ्या लाटेला वाढायला मोकळा समुद्रच मिळत नाही. मध्येच गडगडाटी पाऊस येतो, तासाभरात जातो. त्याच दिवसांत सिंगापूरहून व्हिएतनामकडे जाणारी बोट मात्र दक्षिण चीन समुद्रात ईशान्येच्या मोसमी वाऱ्याला तोंड देत असते. दर सारखा दिसला तरी सासूबाईंसाठी हे दोन प्रवास अगदी वेगळे आहेत. कुठल्या गावी जातो त्याआधी कुठल्या पाण्यातून जातो ते नकाशावर बघा.

आता खोली. जहाज दोन तऱ्हेने हलतं. एक, या कुशीवरून त्या कुशीवर. दुसरं, नाळ म्हणजे पुढचं टोक वर, वरामा म्हणजे मागचं टोक खाली आणि पुन्हा उलट. पहिलं हलणं पाण्याखालचे पंख म्हणजे स्टॅबिलायझर बरंच कमी करतात, दुसऱ्याला ते फारसे कामाचे नाहीत. म्हणून लांबीच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत कमी हलते. गंमत म्हणजे हीच खोली बहुतेक वेळा स्वस्त असते. वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या टोकाची बाल्कनी दिसायला सुरेख, पण सासूबाईंना ती देऊ नका. त्यांना खिडकीवाली द्या, क्षितिज दिसलं की डोकं ताळ्यावर राहतं.

"रामदास"बद्दल. १७ जुलै १९४७, भर पावसाळा, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सहाशेच्या वर माणसं गेली. रेवसच्या घरात ती आठवण असणारच, तिची टिंगल करू नका. आज एवढं सांगा की जहाजावरच्या प्रत्येक माणसाला पुरतील एवढी जीवरक्षक साधनं असल्याशिवाय प्रवासी जहाज बंदर सोडू शकत नाही. आणि निघण्याआधी सुरक्षेची कवायत होते. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आपटून आडवी झाली, त्या दिवशी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला: आधी कवायत, मग दोर सुटणार. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे आपल्या नेमलेल्या जागी जमायचं. हे मुलांना घरीच शिकवून ठेवा. सासूबाईंना कवायतीला पुढे उभं करा, त्यांना तिथेच धीर येईल.

गल्लीतला_डॉक्टर

गोळीबद्दल. ॲव्होमिन वगैरे गोळी उलटी सुरू होण्याआधी घ्यायची असते. पोटात ढवळायला लागल्यावर ती गिळून फार उपयोग होत नाही. निघायच्या आदल्या रात्री किंवा निदान तास-दोन तास आधी. पण या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं आणि वयस्कर माणसाचा तोल जाऊ शकतो. सासऱ्यांना प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर त्यांनी ती स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नये. दोघांच्या चालू गोळ्यांची यादी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि एकदा घरी असताना, सुट्टीच्या दिवशी, गोळी घेऊन किती गुंगी येते ते बघा.

रिकाम्या पोटी बसू नये, तुडुंब जेवूही नये. आलेपाक खिशात ठेवा. खोलीत पडून मोबाइल बघणं बंद.

मध्यमवर्गीय

जाहिरातीतला आकडा गुणिले दीड. त्यात भागलं तर जा.

हिशेबनीस

मध्यमवर्गीय यांना अनुमोदन, पण दीडपट कुठून येते ते फोडून सांगतो, म्हणजे सासऱ्यांपुढे कागद ठेवता येईल.

जाहिरातीतला दर माणशी असतो आणि "एका खोलीत दोघं" असं धरलेला असतो. त्यावर बंदराचे कर आणि शुल्क. ते लहान मुलालाही लागतात, म्हणजे "मुलं फुकट" अशी ऑफर असली तरी मुलांचं बिल शून्य नसतं. मग सेवाशुल्क, ज्याला ते ग्रॅच्युइटी म्हणतात. मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांमध्ये ते माणशी, दर रात्री साधारण १६ ते २० डॉलरच्या घरात जातं आणि तेही मुलांसकट. सहा जण, चार रात्री, करा हिशेब. बुकिंगच्या वेळी ते भरलं नाही तर शेवटच्या दिवशी खात्यात दिसतं आणि मग स्वागतकक्षासमोर आपल्याच लोकांचा वाद ऐकू येतो.

जेवणाचा मोठा हॉल आणि बुफे तिकिटात असतात. वेगळी "स्पेशालिटी" रेस्टॉरंटं, थंड पेयं, दारू, बरेचदा चांगली कॉफीसुद्धा पैसे देऊन. पेयांचं पॅकेज एका मोठ्या माणसाने घेतलं की त्याच खोलीतल्या दुसऱ्यालाही घ्यावं लागतं, असा नियम अनेक कंपन्यांचा आहे. तुमच्याकडे पिणारं कुणी नसेल तर ते पॅकेज सरळ सोडा. पाणी, चहा, लिंबूपाणी बुफेत मिळतं.

वायफाय वेगळं. आणि एक सापळा: किनारा सुटला की फोन जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क पकडतो. ते नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बसेलच असं नाही, आणि बसलं नाही तर दर बघून घाम फुटतो. बोट सुटायच्या आधी सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर, आजोबांचासुद्धा.

बोटीवर रोख चालत नाही. खोलीचं कार्ड दाखवायचं, खर्च खात्यावर चढतो आणि ते खातं तुमच्या क्रेडिट कार्डाला जोडलेलं असतं. इथे फॉरेक्स कार्ड शक्यतो देऊ नका. जहाजवाले अंदाजे रक्कम अडकवून ठेवतात, ती सुटायला घरी परतल्यावरही काही दिवस जातात. लेकीच्या कार्डावर खरेदी बंद करायला पहिल्याच दिवशी सांगा. व्हिडिओ गेमच्या दालनात ते कार्ड चालतं.

परदेशी पॅकेज भारतातून घेतलंत तर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. तो खर्च नाही, विवरणपत्र भरताना वळता होतो, पण आज खिशातून जातो. पॅन कुणाचा द्यायचा ते आधी ठरवा. सासऱ्यांचा दिलात आणि ते विवरणपत्र भरत नसतील तर परतावा मागायला ते भरावं लागेल.

एकूण बिलावर खाली "यात काय समाविष्ट नाही" अशी लेखी यादी मागा. ती द्यायला जो एजंट टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

समिधा_ठाणे

बापरे. हिशेबनीसदादा, तुमचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावते. दर्यावर्दीकाका, सासूबाईंना तुमचं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "कवायत करतात होय," आणि मग अर्धा तास काहीच बोलल्या नाहीत. प्रगती समजायची.

पण मग पहिल्या वेळेला मुंबई-गोवा करून बघावं का? दोन रात्रीत अंदाज येईल.

नाखवा_अलिबाग

हो, करावं. पासपोर्ट-व्हिसाची कटकट नाही, आधारकार्डावर काम होतं. बॅलार्ड पिअरला टॅक्सीने उतरायचं आणि चढायचं. विमान नाही, हॉटेल नाही. बोट लागलीच तर दुसऱ्या दिवशी गोव्यात उतरून सासूबाईंना रेल्वेने परत आणता येईल. सिंगापूरच्या बोटीवरून असं मध्येच उतरणं सोपं नाही. शनिवार-रविवारची फेरी मात्र टाळा, आठवड्याच्या मधली घ्या. कुठल्याही देशात शनिवार-रविवारच्या छोट्या क्रूझवर दंगा जास्त आणि म्हातारी माणसं कमी असतात.

गोव्यात बोट मुरगावला लागते, म्हणजे वास्कोजवळ. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. परतीची वेळ लक्षात घेता कळंगुट वगैरे धरू नका, जायचा-यायचा वेळच सगळा खातो. आजी-आजोबांना मंगेशी, मुलांना बोगमाळो, बस्स.

सिंगापूरकर_मकरंद

थोडा असहमत. मुंबईची "एम्प्रेस" १९९० साली बांधलेली बोट आहे. आधी "नॉर्डिक एम्प्रेस", मग "एम्प्रेस ऑफ द सीज", आणि २०२१ पासून मुंबईत कॉर्डेलिया कंपनीकडे. आकारमान साधारण ४८ हजार टनांचं. इथून सुटणारी "जेंटिंग ड्रीम" २०१६ ची, दीड लाख टनांची, म्हणजे तिप्पट. बोट जेवढी मोठी तेवढं हलणं कमी जाणवतं, हे दर्यावर्दीकाकाही मान्य करतील. मुलांसाठी पाण्याच्या घसरगुंड्या वगैरे मोठ्या बोटीवर खूपच जास्त. सासूबाईंचं मन पहिल्याच वेळेला उडालं तर दुसरी वेळ यायची नाही.

आता इकडचं खरं काम. सिंगापुरात क्रूझची दोन टर्मिनल आहेत. रॉयल कॅरिबियन वगैरे मरीना बे क्रूझ सेंटरवरून, जेंटिंग ड्रीम हार्बरफ्रंटवरून. टॅक्सीवाल्याला नुसतं "क्रूझ टर्मिनल" म्हणालात तर तो आपल्या मनाने एक निवडेल. दर सुट्टीत चुकीच्या टर्मिनलवर ट्रॉलीसकट धावणारी कुटुंबं मी बघतो.

व्हिसा बहुप्रवेशी आहे ना, ते त्यावर छापलेलं वाचा. तुम्ही विमानाने सिंगापुरात एकदा शिरता, बोटीने बाहेर जाता आणि बोटीने पुन्हा शिरता. भारतातून हा व्हिसा अधिकृत एजंटमार्फतच काढावा लागतो. त्याशिवाय एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि क्रूझहून परत येताना पुन्हा. ते मोफत आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ उघडलं असेल तर ते बंद करा. मलेशिया, थायलंडचे व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत बरेचदा बदललेत, म्हणून निघायच्या महिन्यात पुन्हा तपासा. सगळ्यांचे पासपोर्ट प्रवासानंतर निदान सहा महिने चालणारे हवेत. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तो कधी संपतो हे आईबापांच्या लक्षात राहत नाही.

आणि क्रूझच्या दिवशीच सकाळी सिंगापुरात उतरायचं धाडस नको. मुंबईहून साडेपाच तासांचं विमान, वर घड्याळ अडीच तास पुढे. विमान उशिरा आलं तर बोट थांबत नाही. आदल्या दिवशी या, लिटल इंडियात जेवा, झोपा.

दर्यावर्दी_निवृत्त

मकरंद, मोठी बोट कमी हलते हे खरं. पण उंच बोटीला वाराही जास्त लागतो. आणि तिच्यावर गुडघेदुखीच्या माणसाला खोलीपासून जेवणाच्या हॉलपर्यंत जे चालावं लागतं ते तुम्ही धरलेलं नाही. तीनशे मीटरच्या वर लांबी आहे. लिफ्टजवळची खोली मागा, अगदी चिकटून नको, लोकांचा आवाज येतो.

नाखवा_अलिबाग

आणि जिथे डोक्यावर पोहण्याचा तलाव किंवा पायाखाली डिस्को आहे अशी खोली नको. डेकचे नकाशे कंपनीच्या साइटवर असतात. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील ती खोली घ्या. "गॅरंटी केबिन" म्हणून स्वस्तात विकतात, त्यात खोली कंपनी ठरवते. तरुण जोडप्याने घ्यावी, तुम्ही नको.

चौकटबाहेर

मुळात कशाला? तरंगता मॉल तो. त्या पैशात दापोलीत महिनाभर राहाल आणि समुद्रही खरा दिसेल.

मध्यमवर्गीय

@चौकटबाहेर, दापोलीचा स्वतंत्र धागा आहे.

आलेपाक_आणि_अंगाई

चार वर्षांच्या मुलाबद्दल लिहिते, कारण हे पुरुष मंडळी विसरतात.

मुलांचा क्लब ही क्रूझवरची खरी सुट्टी, आईबापांची. बहुतेक ठिकाणी तीन वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेला असावा लागतो. चौथ्या वर्षी तुमचा मुलगा बसतो. पहिल्या दुपारीच नाव नोंदवा, तेव्हा रांग नसते. पण तो पहिल्या तासात रडून परत येऊ शकतो, त्या भरवशावर रात्रीच्या नाटकाची जागा धरू नका. बहीण वेगळ्या वयोगटात जाईल, तर दोघं एकत्र खेळतील ही कल्पना सोडा.

पोहण्याच्या तलावात डायपर चालत नाही, पोहण्याचा डायपरसुद्धा बहुतेक बोटींवर नाही. आणि सुती टी-शर्ट, हाफपँट घालून पाण्यात उतरू देत नाहीत. आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांचे नायलॉनचे पोहण्याचे कपडे इथूनच घ्या, बोटीवरच्या दुकानात तिप्पट.

खोल्यांची वाटणी. सहा जणांत दोन खोल्या होतात. तिसरा-चौथा पलंग भिंतीतून किंवा छतातून उघडतो, वर चढायला शिडी. तो लेकीला द्या, मुलाला नाही. दोन्ही खोल्यांमध्ये आतून दार असलेल्या, म्हणजे कनेक्टिंग, मिळतात. त्या मोजक्याच असतात आणि आधी संपतात. बुकिंगच्या वेळी प्रत्येक खोलीत एक मोठं माणूस दाखवावं लागतं. मग रात्री कोण कुठे झोपतं ते तुमचं तुम्ही बघा.

चढताना मुलांच्या मनगटाला पट्टा बांधतात, त्यावर त्यांच्या जमण्याच्या जागेचा क्रमांक असतो. तो मुलगा तोडतो. पुन्हा मागून घ्या, लाजू नका.

हात साबणाने धुवायचे. दारात सॅनिटायझर लावतात तो ठीक, पण बोटीवर जो उलटी-जुलाबाचा विषाणू पसरतो, नोरोव्हायरस, त्याला सॅनिटायझर पुरत नाही. बुफेत जाण्याआधी साबण आणि पाणी.

आणि हो, न्हाणीघर. बहुतेक परदेशी बोटींवर जेट स्प्रे नसतो. घडीचा मग किंवा बाटलीला लावायचा छोटा स्प्रे घेऊन जा. आजोबा आयुष्यभर दुवा देतील.

न्यूजर्सीकर_काका

इथे अमेरिकेतले कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी. भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन बेयॉनच्या केप लिबर्टीवरून किंवा फ्लोरिडावरून क्रूझ करायची तर त्यांचा अमेरिकी व्हिसा बहुप्रवेशी आणि परतीच्या दिवशी चालू असायला हवा. एच-वन, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांनी स्वतःच्या पासपोर्टातला शिक्का बघावा. व्हिसा संपलेला असताना कॅनडा-मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन येण्याची जी सवलत आहे ती एच-वनला कॅरिबियन बेटांसाठी नाही. बहामाजची बोट पकडली आणि शिक्का जुना, तर परतताना अडचण. ऑफिसातले अमेरिकन मित्र जन्मदाखल्यावर जाऊन येतात, ते बघून फसू नका.

समिधा_ठाणे

लक्षद्वीपबद्दल कुणीच बोललं नाही. मला खरं तर तेच सगळ्यात आवडलंय.

भाऊचा_धक्का

लक्षद्वीप सुंदर, त्यात वाद नाही. पण तिथे मोठी बोट धक्क्याला लागत नाही. ती समुद्रात उभी राहते, आणि माणसं छोट्या होडीत उतरून बेटावर जातात. होडी हलत असते, मोठी बोट हलत असते, आणि त्या दोन्हींच्या मधोमध तुमचे सासरे काठी घेऊन. खलाशी हात धरतात, तरी वेळ साधून पाय टाकावा लागतो. लाट जास्त असेल तर उतरणंच रद्द होतं आणि बेट लांबून बघून परत यावं लागतं. प्रवेशाचा परवाना भारतीयांनाही लागतो. पॅकेजवाले तो काढतात, पण कागद वेळेत द्या.

अवांतर, पण थोडं लिहितो. आमच्या पिढीने हे सगळं कोकणच्या बोटीत केलंय. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत पणजीला जायची. छोट्या बंदरांत ती बाहेरच उभी राहायची आणि मग पडाव यायचे. आंब्याच्या पेट्या, ट्रंका, कोंबड्या, बाळंतिणी, सगळं त्या पडावात उतरायचं. माझी आजी नऊवारीत, काखेत मूल घेऊन, भर लाटेत उतरलेली मी बघितलीय. तेव्हा डेकवर चटई टाकून जागा धरायची आणि ज्याला बोट लागायची त्याच्याजवळ लिंबू आणि रिकामा डबा. आता म्हणे बोटीवर चढायला स्वागताचं सरबत देतात!

तर सांगायचं असं की तुमच्या घरात लक्षद्वीपला उतरू शकतील असे चार जण आहेत. दोघांना वर बसवून जायचं असेल तर जा, पण त्यांना ते आधी सांगून.

फुकेतलाही तोच प्रकार. पाटोंगसमोर बोट उभी राहते आणि होडीने न्यावं लागतं. पेनांगला मात्र बोट शहरालाच, जॉर्जटाउनच्या धक्क्याला लागते. चाकाची खुर्ची थेट खाली उतरते.

सिंगापूरकर_मकरंद

भाऊंच्या प्रतिसादाला पूरक. चाकाची खुर्ची बोटवाले चढण्या-उतरण्यापुरती देतात, चारही दिवस वापरायला नाही. लागणार असेल तर स्वतःची घडीची आणा आणि बुकिंगमध्ये नोंदवा. काही होड्यांवर खुर्ची चढवतच नाहीत.

फुकेत असेल तर घड्याळाचं बघा. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे. बोट मात्र बरेचदा सिंगापूरच्याच वेळेवर चालते. किनाऱ्यावर फोन आपोआप थायलंडची वेळ दाखवायला लागतो, आणि तुम्हाला वाटतं अजून तास आहे. मनगटावर साधं घड्याळ, जहाजाच्या वेळेला लावलेलं. जहाजाने ठरवलेल्या सहलीला गेलात आणि बस अडकली तर बोट थांबते. स्वतः टॅक्सी करून गेलात तर थांबत नाही. पेनांगला स्वतः फिरायला हरकत नाही, सगळं जवळ आहे. लांब जायचं असेल तर महाग असली तरी जहाजाचीच सहल.

सुगरण_गिरगाव

जेवणाची काळजी करू नका. मुंबईच्या बोटीवर शाकाहारी, जैन सगळं मिळतं, आणि सिंगापूरच्या बोटींवर भारतीय प्रवासी इतके असतात की तिथेही भारतीय जेवण असतं. शाकाहारी असल्याचं बुकिंगमध्येच लिहा. मोठ्या हॉलमध्ये पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला गाठून "उद्या डाळ-भात-भाजी हवी" म्हणून सांगा, बहुतेक जण करून देतात. सूपमध्ये चिकनचं पाणी आणि जेलीत जिलेटिन, हे मात्र विचारून घ्यायचं.

पीठलं-भाकरी मिळणार नाही. तेवढ्यासाठी नाराज व्हायचं असेल तर दापोलीचा धागा आहेच. :)

दिवाळीत जाताय म्हणून मुद्दाम लिहिते. फराळाचा डबा न्यायचा मोह होणार. घरी केलेलं अन्न बोटीवर चढू देत नाहीत. दुकानातलं, सीलबंद पाकीट चालतं. भडंग, चिवडा, बाकरवडी तशीच पाकिटं घ्या. आणि सिंगापूरला जाताना अनारसे अजिबात नको, त्यावर खसखस असते. खसखस तिथे बंदी असलेल्या मालात मोडते. गोडा मसाला, गरम मसाला घरचा असेल तर त्यातही ती असू शकते. चघळायचा तंबाखू, गुटखा, च्युइंगगम, ई-सिगारेट, सगळ्याला बंदी. सासऱ्यांना मिश्रीची किंवा तंबाखूची सवय असेल तर हा विषय मुंबईतच मिटवा, चांगी विमानतळावर नाही.

विजेची किटली, इस्त्री, छोटा कुकर नेऊ नका, तपासणीत काढून घेतात. काही बोटींवर खोलीत किटली असते, काहींवर नसते. सासूबाईंना पहाटे पाच वाजता चहा लागत असेल तर हे आधी विचारा. बुफेवर चहा मिळतो, पण पहाटे तिथपर्यंत चालत जावं लागतं.

गल्लीतला_डॉक्टर

विमा राहिला. बोटीवर डॉक्टर असतो, पण तो खासगी दराने बिल लावतो आणि ते खात्यावर चढतं. आपला मेडिक्लेम तिथे कॅशलेस चालत नाही. प्रवासविमा घेताना आजोबांचं वय आणि जुने आजार खरे लिहा. रक्तदाब लपवून काढलेली स्वस्त पॉलिसी नेमक्या वेळी नाकारली जाते. समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का, तेही वाचा. रोजच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, आणि त्या हातातल्या पिशवीत.

घरात कुणी गरोदर असेल तर आत्ताच विचारा. बहुतेक कंपन्या चोविसाव्या आठवड्यापासून पुढे घेत नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळालाही नाही.

समिधा_ठाणे

रात्री सगळे टेबलाभोवती बसून धागा वाचला. खसखशीवर सासूबाईंचा विश्वासच बसेना. सासऱ्यांनी वहीत दोन रकाने आखलेत. सध्या पेनांगला थांबणारी तीन रात्रींची फेरी आणि आठवड्याच्या मधली मुंबई-गोवा, अशी चुरस आहे. लक्षद्वीप लेकीच्या कॉलेजपर्यंत पुढे ढकललं.

एक शंका: मोठ्या बॅगा किती न्यायच्या? आणि उतरायच्या दिवशी विमान किती वाजताचं घ्यावं?

सिंगापूरकर_मकरंद

खोलीत कपाट लहान, पण पलंगाखाली बॅगा जातात. दोन खोल्यांना तीन बॅगा खूप झाल्या. चढताना मोठ्या बॅगा खाली देऊन टाकायच्या, त्या संध्याकाळपर्यंत खोलीच्या दाराशी येतात. म्हणून पोहण्याचे कपडे, औषधं, चार्जर आणि मुलाचा एक जोड हातात ठेवा. नाहीतर समोर तलाव आणि मुलं जीन्समध्ये.

उतरायचं मात्र याच्या उलट आहे. शेवटच्या रात्री जहाजवाले बिल्ले देतात, ते बॅगांना लावून बॅगा दाराबाहेर ठेवायच्या. रात्रीतून त्या खाली जातात. सकाळी घालायचे कपडे, चपला, दातांची कवळी, पासपोर्ट त्यात टाकू नका. दरवेळी कुणीतरी पायजम्यात उतरतं. स्वतःच बॅगा ओढत उतरायचं असेल तर तशीही सोय असते आणि लवकर सुटका होते, पण आजोबांबरोबर ते नको. खात्याचं बिल त्याच रात्री ॲपवर किंवा टीव्हीवर तपासा. चूक असेल तर रात्रीच स्वागतकक्षाला सांगा, सकाळी तिथे रांग असते.

बोट सकाळी लागली तरी इमिग्रेशन होऊन टॅक्सीत बसेपर्यंत दहा-साडेदहा होतात. हार्बरफ्रंटवरून चांगीला अर्धा तास धरा. दुपारी दोनच्या आधीचं विमान घेऊ नका. रात्रीचं घेतलंत तर विमानतळाच्या ज्युएलमध्ये बॅगा ठेवायची सोय आहे, मुलं तिथला धबधबा बघत बसतील.